ईव्हनिंग प्रिमरोझ तेल : आवश्यक काय, मेदाम्ल की कॅप्सूल?

नवी दिल्ली : पाळीपूर्वी स्तनांत होणाऱ्या वेदना, इसब, रजोनिवृत्तीच्या काळातील उष्णतेचे झटके, सांधेदुखी, कोरडी त्वचा. एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या या तक्रारींसाठी गेली चार दशके जगभर एकच पिवळसर, पारदर्शक कॅप्सूल घेतली जात आहे. ती ईव्हनिंग प्रिमरोझ या वनस्पतीच्या बियांच्या तेलाची असते. भारतातही ती औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळते. स्तनवेदनेसाठी अनेक डॉक्टर ती लिहून देतात. वेष्टनावर बहुधा ‘आवश्यक मेदाम्लांचा स्रोत’ असा उल्लेख असतो. या वाक्यातील ‘आवश्यक’ हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. मात्र ग्राहक त्याचा जो अर्थ घेतो, तो शास्त्राला अभिप्रेत नाही. आवश्यक मेदाम्ले म्हणजे काय, ती शरीराला किती लागतात, या तेलातून त्यांपैकी काय मिळते आणि वैद्यकीय चाचण्यांत त्याचा कितपत उपयोग दिसला, याचा हा आढावा.

वनस्पती आणि तेल

नावात प्रिमरोझ असले, तरी ही वनस्पती प्रिमरोझच्या म्हणजे प्रिम्युलाच्या कुळातील नाही. तिचे शास्त्रीय नाव ओनोथेरा बायेनिस. बागेतील फुक्सिया ज्या ओनाग्रेसी कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची असून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती युरोपात पोहोचली. तिचे आयुष्य दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका वाढतो आणि दुसऱ्या वर्षी उंच दांड्यावर पिवळी फुले येतात. ही फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून ‘ईव्हनिंग’. आपल्याकडील गुलबक्षीही दिवस कलल्यावर उमलते; पण या दोन वनस्पतींचा एकमेकींशी संबंध नाही. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी या झाडाची मुळे खात आणि जखमांवर किंवा मुक्या मारावर झाडाचा लेप लावत. बियांच्या तेलाचा औषध म्हणून वापर मात्र विसाव्या शतकातील आहे.

या तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलेइक आम्ल आणि साधारण ८ ते १० टक्के गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. दुसऱ्या घटकाचा उल्लेख संक्षेपाने ‘जीएलए’ असा केला जातो. १९१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी या तेलात लिनोलेनिक आम्लाचा एक वेगळा प्रकार असल्याचे नोंदवले. या तेलाला पुढे जे महत्त्व आले, ते याच घटकामुळे. स्वयंपाकाच्या नेहमीच्या तेलांत जीएलए जवळजवळ नसते. बोरेज या वनस्पतीच्या आणि काळ्या करंटच्या बियांच्या तेलांत त्याचे प्रमाण ईव्हनिंग प्रिमरोझपेक्षाही अधिक आढळते.

‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ

पोषणशास्त्रात ‘आवश्यक’ या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. जो घटक शरीराला लागतो, पण शरीर स्वतः तयार करू शकत नाही आणि म्हणून अन्नातूनच मिळवावा लागतो, तो आवश्यक. मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या अणूंच्या साखळ्या. या साखळीत काही ठराविक ठिकाणी दुहेरी बंध निर्माण करणारी विकरे मानवी शरीरात नाहीत. त्यामुळे दोन मेदाम्ले आहारातूनच घ्यावी लागतात : ओमेगा-६ गटातील लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल. आवश्यक मेदाम्लांची मूळ यादी या दोन नावांवर संपते. जीएलएचा समावेश तिच्यात होत नाही, कारण लिनोलेइक आम्लापासून शरीर ते स्वतः बनवते.

हा शोध अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याचा. तोपर्यंत स्निग्ध पदार्थ म्हणजे ऊर्जेचा साठा आणि काही जीवनसत्त्वांचे वाहन, एवढीच समजूत होती. बर दांपत्याने उंदरांना सर्व जीवनसत्त्वे देऊन आहारातून केवळ स्निग्धांश काढून टाकला. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, त्वचा सोलली जाऊ लागली, मूत्रपिंडे बिघडली आणि अखेर ते मेले. लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाचे थोडेसे थेंब देताच ही लक्षणे मागे हटली. १९२९ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी त्यामागचे मेदाम्ल निश्चित केले.

माणसांतील पुरावा मिळण्यास आणखी काही दशके जावी लागली. बालरोगतज्ज्ञ आरिल्ड हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ४२८ तान्ह्या बाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या बाळांच्या दुधात लिनोलेइक आम्ल अत्यल्प होते, त्यांची त्वचा कोरडी, जाडसर आणि खवल्यांची झाली. ते आम्ल मिळताच ती सुधारली. पुढे रुग्णांना आठवडेच्या आठवडे केवळ शिरेवाटे आणि स्निग्धांशरहित पोषण दिले जाऊ लागले, तेव्हा प्रौढांतही हीच लक्षणे दिसली. शिरेवाटे द्यावयाच्या पोषणात आज स्निग्ध द्रावणाचा समावेश केला जातो, त्यामागे हा अनुभव आहे.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. आवश्यक मेदाम्लांची कमतरता हा खरा आणि गंभीर विकार आहे. मात्र तो होण्यासाठी आहारातून स्निग्धांश जवळजवळ नाहीसा व्हावा लागतो किंवा आतड्यांच्या वा स्वादुपिंडाच्या आजारामुळे त्याचे शोषण थांबावे लागते. रोजच्या जेवणात तेल असलेल्या निरोगी व्यक्तीत लिनोलेइक आम्लाची कमतरता क्वचितच आढळते.

कॅप्सूल आणि स्वयंपाकघर

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने कमतरता टाळण्यासाठी किमान प्रमाण सुचवले आहे. प्रौढ व्यक्तीच्या एकूण ऊर्जेपैकी २.५ टक्के लिनोलेइक आम्लातून आणि ०.५ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्लातून मिळावी, असे ते प्रमाण आहे. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ सुमारे साडेपाच ग्रॅम लिनोलेइक आम्ल आणि एक ग्रॅमहून किंचित अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल.

ईव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या १,००० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून सुमारे ७०० मिलिग्रॅम लिनोलेइक आम्ल मिळते. दिवसाची किमान गरज केवळ या कॅप्सूलवर भागवायची, तर रोज आठ कॅप्सूल घ्याव्या लागतील. मराठवाडा आणि सोलापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या पारंपरिक करडई तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण ईव्हनिंग प्रिमरोझच्या तेलाइतकेच, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश असते. दोन चहाचे चमचे करडई तेल फोडणीला पडले, की ही गरज पूर्ण होते. मात्र ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असलेल्या करडईच्या नव्या वाणांना हा हिशेब लागू नाही. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात साधारण ६० टक्के, सोयाबीन तेलात निम्म्याहून थोडे अधिक, तिळाच्या तेलात सुमारे ४० ते ४५ टक्के आणि शेंगदाणा तेलात साधारण ३० टक्के लिनोलेइक आम्ल असते. खोबरेल तेलात ते अगदी नाममात्र असते.

कॅप्सूलमधून जे मिळत नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे. या तेलात दुसरे आवश्यक मेदाम्ल, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, जवळजवळ नसते. भारतीय आहारात काळजी घ्यायची असेल तर ती याचीच. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, तीळ, पाम आणि नारळ या सर्व तेलांत ओमेगा-३ नगण्य असते. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलांत ते बऱ्यापैकी असते. त्यामुळे कोलकाता, पाटणा किंवा दिल्लीतील मोहरीचे तेल वापरणाऱ्या घरांत ही बाजू काहीशी आपोआप सांभाळली जाते. केवळ शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल वापरणाऱ्या घरांत तसे होत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवस. विदर्भ आणि मराठवाड्यातील घरांत जवसाची चटणी आजही नेमाने होते. जवसात साधारण ४० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. भाजून कुटलेल्या पाच ग्रॅम जवसातून, म्हणजे सुमारे दोन चहाच्या चमच्यांतून, दिवसाची किमान गरज भागण्याइतके हे आम्ल मिळते. अख्ख्या बिया न पचता बाहेर पडू शकतात, म्हणून त्या कुटूनच खाव्यात. अक्रोड हाही चांगला स्रोत आहे. ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले शरीर अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून फार थोड्या प्रमाणात बनवू शकते. मासे खाणाऱ्यांना ती बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून थेट मिळतात.

जीएलएमागचा तर्क

लिनोलेइक आम्ल घरच्या तेलातून मिळत असताना या कॅप्सूलची गरज कुणाला वाटावी? याचे उत्तर जीएलएमध्ये आहे. शरीरात ‘डेल्टा-६ डिसॅच्युरेज’ हे विकर लिनोलेइक आम्लाचे रूपांतर जीएलएमध्ये करते. त्यापासून ‘डीजीएलए’ हे पुढचे मेदाम्ल तयार होते. त्याचा काही भाग दाह कमी करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांत रूपांतरित होतो आणि उरलेला काही भाग अ‍ॅराकिडोनिक आम्लात. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनासाठी सुने बर्गस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन यांना १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यामुळे त्या काळात या विषयाकडे सर्वांचे लक्ष होते.

या साखळीतील पहिला टप्पा संथ असतो. मधुमेह, वाढते वय किंवा इसबासारखे विकार यांत तो आणखी मंदावतो, असे काही संशोधकांचे म्हणणे होते. हा अडलेला टप्पा वगळून जीएलए थेट दिले, तर पुढची उपयुक्त द्रव्ये तयार होतील आणि दाह कमी होईल, असा हा तर्क. तो सुसंगत होता. इसबाच्या काही रुग्णांच्या रक्तातील मेदाम्लांच्या प्रमाणात फरकही आढळला होता. तथापि रक्तातील फरक आणि रुग्णाला प्रत्यक्ष पडणारा आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड चाचण्यांतूनच घालावी लागते.

परवान्यापासून माघारीपर्यंत

या तेलाचे सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते ठरले ब्रिटिश संशोधक डेव्हिड हॉरोबिन. १९७५ मध्ये त्यांनी ‘मेडिकल हायपॉथेसिस’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे ‘एफामोल’ आणि ‘स्कोशिया’ या कंपन्यांमार्फत ईव्हनिंग प्रिमरोझ तेलाची उत्पादने बाजारात आली. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इसबाच्या रुग्णांना या तेलाने काहीसा गुण आल्याचे नोंदवले गेले. १९८९ मध्ये नऊ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषणही अनुकूल निघाले. मात्र त्याच्या लेखकांत स्वतः हॉरोबिन होते. ब्रिटनमध्ये इसबासाठी ‘एपोगॅम’ आणि स्तनवेदनेसाठी ‘एफामास्ट’ या नावांनी हे तेल परवानाप्राप्त औषध बनले आणि डॉक्टर ते सरकारी आरोग्यसेवेतून लिहून देऊ लागले.

दरम्यान प्रतिकूल निष्कर्षही येत होते. १९८५ आणि १९९३ मधील चाचण्यांत इसबावर या तेलाचा परिणाम प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी अंश नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलपेक्षा, वेगळा आढळला नाही. अखेर २००२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेने परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा नसल्याच्या कारणावरून दोन्ही औषधांचे परवाने मागे घेतले. पुढील वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने बोरेज तेलाच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. त्यात जीएलए अधिक असूनही १४० रुग्णांत प्लासिबोहून सरस परिणाम दिसला नव्हता. सोबतच्या संपादकीयात इसबासाठी या उपचाराला आता निरोप द्यावा, असे मत मांडण्यात आले.

२०१३ मध्ये ‘कॉक्रेन’ या पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने २७ चाचण्या आणि १,५९६ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली. ईव्हनिंग प्रिमरोझ आणि बोरेज या दोन्ही तेलांनी इसबात प्लासिबोपेक्षा अधिक फायदा होत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

तक्रारनिहाय पुरावा

स्तनवेदना : भारतात या कॅप्सूलचा सर्वाधिक परिचित उपयोग हाच. नेदरलँड्समध्ये १२० महिलांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे तेल, मासळीचे तेल आणि साधी वनस्पती तेले यांच्यात फरक आढळला नाही. २००५ मधील ५५५ महिलांच्या बहुकेंद्री चाचणीतही तसेच दिसले. लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की दोन्ही बाजूंच्या महिलांच्या वेदना कमी झाल्या होत्या. पाळीशी निगडित वेदना पुष्कळदा आपोआप ओसरतात आणि तपासणीनंतर मिळालेला दिलासाही परिणाम करतो. कॅप्सूल घेणाऱ्या महिलेला बरे वाटते, हा अनुभव खरा असतो. त्याचे श्रेय तेलाला देता येत नाही.

रजोनिवृत्ती : १९९४ मधील ५६ महिलांच्या ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांनंतरही उष्णतेच्या झटक्यांवर तेलाचा प्लासिबोपेक्षा अधिक परिणाम आढळला नाही. २०१३ मधील एका लहान इराणी चाचणीत झटक्यांची तीव्रता काहीशी कमी झाल्याचे दिसले. त्यांची संख्या आणि कालावधी यांत लक्षणीय फरक पडला नाही. पाळीपूर्व त्रासाबाबतचे विश्वासार्ह अभ्यास नकारात्मकच आहेत.

संधिवात : दाहयुक्त संधिवातात, म्हणजे ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’मध्ये, चित्र थोडे वेगळे आहे. जीएलएयुक्त तेलांनी वेदनेत काही प्रमाणात फायदा होण्याची शक्यता २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात मान्य करण्यात आली. मात्र ही तेले सांध्यांची झीज रोखणाऱ्या औषधांची जागा घेऊ शकत नाहीत.

मधुमेहातील मज्जाविकार : १९९३ मध्ये १११ रुग्णांना वर्षभर रोज ४८० मिलिग्रॅम जीएलए देऊन केलेल्या चाचणीत अनुकूल निष्कर्ष मिळाले. एवढ्या जीएलएसाठी रोज सुमारे पाच ग्रॅम तेल लागते. या निष्कर्षाला पुष्टी देणाऱ्या पुरेशा मोठ्या स्वतंत्र चाचण्या पुढे झाल्या नाहीत, त्यामुळे हा उपचार प्रमाण ठरलेला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेअंतर्गत पूरक उपचारांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचे मत असे आहे, की कोणत्याही आजारासाठी या तेलाचा वापर करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही.

सुरक्षितता आणि धोके

अल्प काळासाठी हे तेल बहुतेक प्रौढांना सोसते. मळमळ, पोटदुखी, सैल शौच, डोकेदुखी असे सौम्य त्रास होऊ शकतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या कॅप्सूलची माहिती आधी द्यावी. स्किझोफ्रेनियासाठी फेनोथायाझिन गटातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना झटके आल्याच्या नोंदी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस झाल्या होत्या. नंतरच्या पडताळणीत तो संबंध दुबळा ठरला; तरीही अशा रुग्णांनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

प्रसूती लवकर व्हावी, या समजुतीने गरोदरपणाच्या अखेरीस हे तेल घेण्याचा प्रघात काही देशांत आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०८ महिलांच्या एका अमेरिकी अभ्यासात, ते पोटातून घेतल्याने गर्भावस्थेचा किंवा प्रसूतीचा काळ कमी झाल्याचे आढळले नाही. उलट काही गुंतागुंती वाढण्याची शंका व्यक्त झाली. गर्भवतींनी स्वतःच्या मनाने ते घेणे टाळावे.

सर्वांत मोठा धोका तेलाचा नसून त्याच्या भरवशावर गेलेल्या वेळेचा आहे. स्तनात गाठ लागणे, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा आत ओढली जाणे, काखेत गाठ येणे किंवा एकाच जागी सतत दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास कॅप्सूलचा महिना पूर्ण होण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. इसब असलेल्या मुलाला त्वचा ओलसर ठेवणारी मलमे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली लावण्याची औषधे यांनी आराम पडतो. ती बाजूला ठेवून केवळ कॅप्सूल दिल्यास मुलाचे हाल लांबतात.

भारतातील नियम

केवळ पूरक आहार म्हणून विकली जाणारी ही उत्पादने भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. त्यासाठीचे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार वेष्टनावर हे उत्पादन आरोग्य-पूरक असल्याचा उल्लेख आणि ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचना ठळकपणे असावी लागते. १४ अंकी परवाना क्रमांकही छापावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पूरक आहाराचा परवाना आणि औषधाचा परवाना यांत मूलभूत फरक आहे. औषधाला विशिष्ट आजारावरील गुण सिद्ध करावा लागतो; पूरक आहाराला तसा करावा लागत नाही. परवाना क्रमांक पाहून उत्पादन अधिकृत आहे एवढे कळते, ते गुणकारी आहे असे कळत नाही.

ग्राहकाने काय विचारावे

डॉक्टरांनी ही कॅप्सूल लिहून दिल्यास ती कोणत्या तक्रारीसाठी, किती दिवस आणि काय सुधारणा अपेक्षित धरून घ्यायची, हे विचारून घ्यावे. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही, तर ती पुढे चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. जाहिरात पाहून स्वतःच घेत असल्यास एका कॅप्सूलमध्ये जीएलए किती मिलिग्रॅम आहे, हे वेष्टनावर पाहावे. कॅप्सूलचे एकूण वजन आणि त्यातील जीएलए यांत दहापटींहून अधिक अंतर असते.

आवश्यक मेदाम्लांसाठी मात्र औषधांच्या दुकानात जाण्याची गरज नाही. वापरातील तेले आलटून-पालटून घेणे, एकूण तेल बेताने वापरणे आणि जेवणात कुटलेले जवस, अक्रोड किंवा मासे यांपैकी काहीतरी नियमितपणे असणे, एवढ्याने शरीराची ती गरज भागते.